डिजिटल लॅब: ट्रेनर किट सोडून मुलांना ब्रेडबोर्डवर कसं आणायचं?

तापीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

दुसऱ्या वर्षाची डिजिटल लॉजिक डिझाइनची लॅब यंदा नव्याने बसवतोय. वीस मुलांची बॅच, दोघांत एक टेबल, आठवड्याला दोन तास. सिलॅबस उमविचा (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा) असो की लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा, प्रयोगांची यादी आपल्या हातात नसते. ते कशावर आणि कोणत्या क्रमाने करून घ्यायचे, एवढं मात्र असतं.

सध्या सगळं ट्रेनर किटवर चालतं. पॅच कॉर्ड खोचली, एलईडी लागला, ट्रुथ टेबल भरलं, जर्नलवर सही झाली. आयसी किटच्या पोटात, सप्लाय आतून जोडलेला, पुलअपही (इनपुटला ५ व्होल्टकडे बांधणारा रेझिस्टर) आतच. के-मॅप (लॉजिकचं सूत्र लहान करायचा तक्ता) व्यवस्थित सोडवणाऱ्या मुलाच्या हातात प्रोजेक्टच्या वेळी सुटी ७४०० (चार नँड गेटांची आयसी) दिली, तर तिला सप्लाय द्यावा लागतो हेच त्याला नवं असतं. म्हणून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत पाय आणि वायरी खोचून सर्किट जोडायची पाटी) जायचं ठरवलंय. जाणकारांना विचारायचं ते असं: आयसी एलएस घ्यायच्या की एचसी (७४ मालिकेचेच दोन प्रकार, एलएस टीटीएल आणि एचसी सीमॉस)? पहिल्या दिवशी काय द्यायचं? आपल्याकडच्या लाइटला टिकेल असा सप्लाय कोणता? आणि मार्क कशाला द्यायचे?

---

पाच_व्होल्ट (सोमवार, रात्री १०.१५)

सर, पहिल्या प्रॅक्टिकलला आयसी देऊच नका. ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर, एक एलईडी, एक रेझिस्टर आणि एक स्विच, दोन तासांना हे पुरतं.

सुरुवात बझरने. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून मुलांनी स्वतः शोधायचं की कोणती भोकं आतून जोडलेली आहेत. ८३० भोकांच्या बोर्डवर ६३ स्तंभ असतात. प्रत्येक स्तंभ मधल्या खाचेच्या वर पाच आणि खाली पाच असा तुटलेला. वरखालच्या सप्लायच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत पूर्ण सलग असतात, काहींत बरोबर मध्यावर तुटलेल्या. लाल-निळी रेघ मध्ये खंडित छापली असेल तर आतली पट्टीही बहुधा तिथेच तुटते, पण रेघेवर विश्वास नको, बझर वाजवून बघायचं. बठ्ठा पोऱ्या आठेच चुकतस (सगळी पोरं इथेच चुकतात): डाव्या अर्ध्या बोर्डला ५ व्होल्ट असतात, उजव्याला काहीच नसतं, आणि उजवीकडची आयसी खराब म्हणून बदलली जाते.

मग एलईडी. ५ व्होल्ट, ३३० ओहम, लाल एलईडी. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, रेझिस्टरवर ३. तीनला ३३० ने भागलं की ९ मिलीअँप. हे तीन आकडे मुलाने मोजून लिहायचे, पुस्तकातून उतरवायचे नाहीत. पुढे सगळं सेमिस्टर हेच मोजमाप कामाला येतं.

वायर २२ गेजची, एकतारी. टोक ६-७ मिलिमीटर सोला. त्याहून कमी सोललं तर प्लास्टिक चिमट्यात अडकतं आणि लूज कॉन्टॅक्ट होतो, जास्त सोललं तर उघडी तार शेजारच्या वायरला लागते. मोबाइल चार्जरच्या केबलमधली बहुतारी वायर बोर्डला लावू देऊ नका, तिचा एखादा केस आत तुटून राहतो.

आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) किंवा १एन४००७ (डायोड) यांचे जाड पाय बोर्डमध्ये घालायचे नाहीत. ते चिमटे एकदा फाकले की त्या भोकात पुढची बारीक वायर कधीच घट्ट बसत नाही.

---

सातपुडा (मंगळवार, सकाळी ७.०५)

एलएस की एचसी, यावर माझं मत: पहिल्या सेमिस्टरला एलएस. कारण सांगतो, म्हणजे कुणाला खोडायचं असेल तर कारण खोडता येईल.

एलएसला सप्लाय ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतो. इनपुटवर ०.८ च्या खाली असेल तर ०, २.० च्या वर असेल तर १, मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी नाही. इनपुट मोकळं सोडलं तर ते १ सारखं वागतं आणि मीटरवर साधारण दीड व्होल्टच्या आसपास दिसतं. म्हणजे तुटलेली वायर मीटरवर ओळखू येते. शिकणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे.

एचसीचं इनपुट मोकळं सोडलं की ते कुठेही तरंगतं. हात जवळ नेला तरी आउटपुट बदलतं, आणि मीटर लावला की मीटरच्याच रोधाने व्होल्टेज बदलतं. शिवाय एक फसवा प्रकार आहे. व्हीसीसीची (सप्लायच्या पायाची) वायर लावायलाच विसरलं तरी एचसी आयसी चालल्यासारखी दिसते, कारण एखाद्या इनपुटवर ५ व्होल्ट आले की ते आतल्या संरक्षक डायोडमधून सप्लायच्या बाजूला शिरतात. सगळी इनपुट ० झाली की आयसी झोपते. ट्रुथ टेबलच्या काही ओळी बरोबर, काही चूक, आणि मुलगा के-मॅप तपासत बसतो.

एलएसचा एक तोटा मात्र आधीच सांगून ठेवावा लागतो. तिचं आउटपुट ० असताना ८ मिलीअँप ओढू शकतं, पण १ असताना देण्याची हमी फक्त ०.४ मिलीअँपची. त्यामुळे एलईडी आउटपुट ते ग्राउंड असा लावू नका. ५ व्होल्टपासून रेझिस्टर, मग एलईडी, मग आउटपुट असा लावा. तेव्हा आउटपुट ० झालं की एलईडी लागतो. मुलांना हे उलटं वाटतं, म्हणून मध्ये ७४०४ चं एक उलटवणारं गेट (० चा १, १ चा ०) घालून एलईडी पेटवायचा, म्हणजे १ ला दिवा लागतो. या जोडणीत रेझिस्टर ३३० ऐवजी ४७० घेतला तर ६ मिलीअँपच्या आसपास राहतं, मर्यादेच्या आत.

---

केळीचं_पान (मंगळवार, सकाळी ८.३०)

सातपुडा सर, पण एलएसच्या आउटपुटवरून ग्राउंडकडे एलईडी लावला तरी लागतोच की. मंद लागतो एवढंच. मग बिघडतं काय?

---

सातपुडा (मंगळवार, सकाळी ८.५०)

दिवा लागतो, पण त्या पिनवर मीटर ठेवून बघा. एलईडी नसताना साडेतीनच्या वर असलेलं आउटपुट एलईडीच्या भाराने खाली ओढलं जातं. आणि रेझिस्टर न लावता थेट एलईडी लावला असेल, जे मुलं सर्रास करतात, तर ते एलईडीच्या व्होल्टेजवर, म्हणजे दोनच्या आसपास येऊन बसतं. दोन व्होल्ट ही एलएसची १ साठीची शेवटची पायरी. त्याच आउटपुटवरून पुढच्या गेटला वायर गेली असेल तर ते गेट कधी १ वाचेल, कधी नाही. दिवा १ म्हणतोय आणि पुढचं गेट ० समजतंय, असा हा घोळ आहे.

मुलांना सांगताना ठिबकचं उदाहरण घ्या, आपल्याकडे घरोघरी आहे. एका नळीवर ठरलेल्यापेक्षा जास्त ड्रिपर टोचले की शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचत नाही, नळीत पाणी दिसतं तरी. एलएसचं एक आउटपुट एलएसची २० इनपुट चालवतं, तो हिशेब इनपुटांचा आहे, एलईडीचा नाही.

---

धुळेकर (मंगळवार, दुपारी १.२०)

पिनांबद्दल लिहितो, कारण आयसी जळतात त्या इथेच.

"१४ पिनची आयसी म्हणजे १४ ला व्हीसीसी आणि ७ ला ग्राउंड" हे वाक्य वर्गात बोलूच नका. गेटच्या आयसींना ते लागू आहे, पुढे नाही. ७४९० आणि ७४९३ या काउंटरना व्हीसीसी ५ वर, ग्राउंड १० वर. ७४७३ ला ४ आणि ११. ७४७६ ला ५ आणि १३. ७४७५ आणि ७४८३ ला ५ आणि १२. ७४९० ला सवयीने १४ आणि ७ वर सप्लाय दिला तर १४ हा तिचा क्लॉक आहे आणि ७ हा रीसेट-नऊचा एक पाय. आयसीला सप्लायच मिळत नाही, काउंटर हलत नाही, आणि "आयसी डेड" म्हणून चांगली आयसी फेकली जाते.

दुसरा सापळा ७४०२. ७४००, ७४०८, ७४३२, ७४८६ या चौघींत १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. ७४०२ मध्ये १ हेच आउटपुट आहे, २ आणि ३ इनपुट. सवयीने पिन १ ला स्विच जोडला आणि स्विचने ती ग्राउंडला टेकवली, की आउटपुट १ व्हायला बघतं तेव्हा सरळ ग्राउंडशी शॉर्ट होतं. आयसी गरम लागते.

यावर नियम: जोडणी सुरू करण्याआधी वहीत सर्किट काढून प्रत्येक गेटच्या पायावर पिन नंबर लिहायचा आणि आकृतीच्या कोपऱ्यात प्रत्येक आयसीचा व्हीसीसी-ग्राउंड. तो कागद बघितल्याशिवाय सप्लायचं बटण दाबू देऊ नका. आयसीची खाच सगळ्यांची डावीकडे. एका बोर्डवर एक आयसी उलटी असली की नजरेला लगेच खुपते, म्हणून ही शिस्त.

बेंच सप्लाय असेल तर करंट लिमिट १५० मिलीअँपवर ठेवा. एलएसची साधी गेट आयसी १० मिलीअँपच्या आत खाते, तीन-चार आयसी आणि काही एलईडी धरूनही सर्किट शंभराच्या आत राहतं. उलटी आयसी लागली की सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं आणि लिमिटचा दिवा लागतो. मुलाला आयसीवर बोट ठेवण्याआधीच कळतं.

---

तापीकाठ (मंगळवार, रात्री ९.१०)

बेंच सप्लाय तीनच आहेत, टेबलं दहा. बाकीच्यांना ७८०५ वर ९ व्होल्टचा ॲडॉप्टर देऊ का? आमच्याकडे रब्बीत दुपारी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बरंच खाली येतं.

---

पाच_व्होल्ट (मंगळवार, रात्री ९.५५)

ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा ॲडॉप्टर तिथे नको. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात. लाइन २३० वरून १८० वर आली की ॲडॉप्टरही त्याच प्रमाणात, ९ वरून ७ वर येतो, आणि वर त्याची लहर (डीसीत उरलेला चढउतार) असतेच. लहरीचा तळ सातच्या खाली गेला की ७८०५ च्या आउटपुटमध्ये सेकंदाला १०० खड्डे पडतात. मीटर पावणेपाच दाखवतो, सगळं ठीक वाटतं, आणि फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारी सर्किटं) कुणी हात न लावता पलटतात. उलट १२ व्होल्टचा दिला तर ३०० मिलीअँपला ७८०५ वर दोन वॉटच्या वर उष्णता होते, हीटसिंक लागते.

मोबाइलचा ५ व्होल्टचा चांगला चार्जर वापरा. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, लाइन खाली आली तरी त्याचे पाच पाचच राहतात. त्याचा धोका एवढाच की शॉर्ट झालं तर तो एक-दोन अँप ओततो आणि वायर-बोर्ड वितळतो. म्हणून प्रत्येक टेबलच्या लाल वायरीत २५० मिलीअँपचा रीसेटेबल फ्यूज टाका. शॉर्ट झालं की तो गरम होऊन रोध वाढवतो, सप्लाय काढून मिनिटभर थांबलं की पूर्ववत होतो.

बोर्डवर सप्लाय येतो तिथे ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि प्रत्येक आयसीच्या व्हीसीसी-ग्राउंडला जवळात जवळ १०४ लिहिलेला सिरॅमिक, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. गेटच्या प्रयोगांत तो नसला तरी चालून जातं. काउंटरला नसला तर आकडे उड्या मारतात, म्हणून सवय पहिल्यापासून.

---

लॉजिक_प्रोब (बुधवार, सकाळी ६.४५)

काउंटरच्या उड्यांचं खरं कारण बहुतेक वेळा स्विच असतो. बटण एकदा दाबलं की आतले पत्रे काही मिलिसेकंद एकमेकांवर आपटत राहतात. एलईडीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण ७४९० ला तो प्रत्येक ठोका क्लॉक वाटतो. एका दाबाला काउंटर दोनवरून पाचवर जातो.

यावर उपाय विकत घेऊ नका, हाच तिसरा प्रयोग करा. एसआर लॅच शिकवायचाच असतो, तो याच कामाला लावून शिकवा. एक ७४००, एक तीन टोकांचा स्विच, ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर. स्विचचं मधलं टोक ग्राउंडला. बाजूची दोन टोकं पिन १ ला आणि पिन ५ ला, दोन्हींवर ५ व्होल्टकडे एकेक रेझिस्टर. पिन ३ वरून पिन ४ ला वायर, पिन ६ वरून पिन २ ला. आउटपुट पिन ३. पत्रा एका बाजूला पहिल्यांदा टेकला की लॅच पलटतो, आणि पत्रा दुसऱ्या बाजूला पूर्ण जाईपर्यंत कितीही नाचला तरी परत पलटत नाही. उरलेल्या दोन गेटांची इनपुट ५ व्होल्टला बांधा.

आधी ७४९० ला साधं बटण लावून काउंटर उड्या मारताना मुलांना बघू द्या, मग हा लॅच मध्ये घाला. लॅच म्हणजे आठवण, हे वाक्य तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं.

७४९० बद्दल: पिन २, ३, ६, ७ हे चारही रीसेटचे पाय. एलएसमध्ये मोकळे सोडले तर १ समजले जातात आणि काउंटर ९ वर गोठून बसतो. "९ च दाखवतो" ही तक्रार आली की आधी ६ आणि ७ बघा. मोजायला पिन १२ वरून पिन १ ला वायर हवी, क्लॉक पिन १४ ला. क्लॉक खाली येताना मोजतो, वर जाताना नाही. ७४७४ (फ्लिपफ्लॉपची आयसी) याच्या उलट, वर जाताना. त्यामुळे एकाच बटणावर दोन्ही लावले तर एक दाबताना हलतो आणि दुसरा सोडताना.

आपोआप क्लॉक हवा असेल तर ५५५ (टायमर आयसी): १० किलोओहम, ६८ किलोओहम, १० मायक्रोफॅरड. साधारण सेकंदाला एक. पण साधा ५५५ पाच व्होल्टवर १ म्हणून सव्वातीन-साडेतीनच देतो. एलएसला भरपूर झाले. एचसीला पाच व्होल्टवर साडेतीन लागतात, तिथे तो काठावर येतो. एचसी वापरणाऱ्यांनी सीमॉस ५५५ घ्यावा.

---

केळीचं_पान (बुधवार, सकाळी ९.१५)

स्विचला पुलअप का, पुलडाउन का नाही? १० किलोओहमने ग्राउंडला बांधून ५ व्होल्टकडे स्विच, असं मायक्रोकंट्रोलरला करतात.

---

लॉजिक_प्रोब (बुधवार, सकाळी ९.४०)

एलएसच्या इनपुटमधून ० च्या वेळी करंट बाहेर येतो, ०.४ मिलीअँपपर्यंत. तो १० किलोओहममधून ग्राउंडला जाऊ लागला की हिशेबाने ४ व्होल्ट होतात. प्रत्यक्षात पिन दीडच्या आसपास जाऊन थांबते, पण ० काही होत नाही. स्विच उघडा असूनही गेट १ वाचतं. पुलडाउनच करायचा तर १ किलोओहम किंवा कमी: ०.४ मिलीअँप गुणिले १ किलोओहम, ०.४ व्होल्ट, चालतं. त्यापेक्षा पुलअप आणि ग्राउंडकडे स्विच हे सोपं.

---

धुळेकर (बुधवार, दुपारी १२.३०)

दुसऱ्या प्रयोगासाठी सुचवतो. १ किलोओहमचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक ७४एलएस०४ च्या पिन १ ला. पिन १ चं व्होल्टेज ०.२ ने वाढवत जायचं आणि पिन २ चं लिहायचं. एक व्होल्टच्या जरा पुढे आउटपुट एकदम कोसळतं. तीच आयसी काढून ७४एचसी०४ घाला, ती साधारण अडीचला, म्हणजे सप्लायच्या अर्ध्यावर पलटते. मात्र एचसीमध्ये पॉट मधोमध ठेवून गप्पा मारू नका, तिथे ती बराच करंट खाते आणि आउटपुट थरथरतं. १० किलोओहमचा पॉट एलएसला घेऊ नका, वरच्या उत्तरातलाच इनपुट करंट आकडे बिघडवतो.

या आलेखाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. बाजारात छपाई खरवडून पुन्हा छापलेल्या आयसी येतात. वर एलएस लिहिलंय आणि इनपुट मोकळं सोडल्यावर दीड व्होल्ट न दिसता कुठेही भटकतं, तर आत दुसरंच काही आहे.

---

सातपुडा (बुधवार, रात्री ८.२०)

सर, मार्कांचा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेचा गाभा तोच आहे. ट्रुथ टेबल जुळलं म्हणून मार्क देऊ नका. ते शेजारच्या टेबलवरूनही जुळतं. चालणाऱ्या सर्किटमध्ये तुम्ही एक दोष घाला आणि तो दहा मिनिटांत शोधायला सांगा. निम्मे मार्क त्याला.

फुल ॲडर (तीन बिटांची बेरीज करणारं सर्किट) घ्या. ७४८६ ची दोन एक्सऑर गेटं, ७४०८ ची दोन अँड, ७४३२ चं एक ऑर. कॅरी म्हणजे ए आणि बी यांचा अँड, किंवा ए-बीचा एक्सऑर आणि कॅरी-इन यांचा अँड. आता ७४०८ च्या पहिल्या गेटला जाणारी ए ची वायर काढा, एक्सऑरला जाणारी तशीच ठेवा. मोकळं इनपुट १ समजलं जातं, म्हणून ते अँड गेट नुसतं बी पुढे देतं. ट्रुथ टेबलच्या आठ ओळींपैकी किती चुकतील? फक्त एक: ए शून्य, बी एक, कॅरी-इन शून्य. तिथे कॅरी ० ऐवजी १ येतो. बाकी सात ओळी बरोबर, बेरजेचं आउटपुट आठही ओळींत बरोबर. बहुतेक मुलं "एवढी एक चुकून आली" म्हणून पुस्तकातलं ० लिहून टाकतील. जो थांबून विचारेल की हीच ओळ का, त्याला डिजिटल कळायला लागलं.

दुसरा दोष: ७४३२ कडे येणारी एक वायर काढा. मोकळं इनपुट १, ऑर गेट कायम १, आठही ओळींत कॅरी १. हा सोपा. तिसरा: ७४०८ चा एक पाय वाकवून आयसीच्या पोटाखाली दुमडा. वरून तो भोकात गेल्यासारखाच दिसतो. म्हणून मोजताना प्रोब भोकातल्या वायरीवर नाही, आयसीच्या पायावर ठेवायचा.

मुलांच्या वहीच्या आतल्या पानावर एवढं लिहून घ्या. पायावर ०.१ ते ०.४ असेल तर ते खणखणीत ०. साडेतीनच्या वर खणखणीत १. इनपुटवर दीडच्या आसपास म्हणजे वायर पोचलेली नाही. आउटपुटवर दोनच्या आसपास म्हणजे एलईडीचा भार. दोन आउटपुटं एकमेकांना जोडली गेली असतील तर ती सारखी असताना सगळं ठीक दिसतं, वेगळी झाली की व्होल्टेज ना धड इकडे ना तिकडे आणि दोन्ही आयसी कोमट. आणि सगळ्यात आधी, प्रत्येक आयसीच्या व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पायांत पाच व्होल्ट आहेत का, हे मोजल्याशिवाय दुसरं काही मोजायचं नाही.

शोधायला मधून सुरुवात करायची. पाच गेटांच्या साखळीत तिसऱ्याचं आउटपुट आधी मोजा. बरोबर असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे.

---

केळीचं_पान (गुरुवार, सकाळी ७.५०)

मग सिम्युलेटरला काही जागाच नाही का? आणि एफपीजीए (हवं ते लॉजिक आत भरता येणारी आयसी) बोर्ड असताना ७४ मालिकेवर एवढा वेळ?

---

लॉजिक_प्रोब (गुरुवार, सकाळी ८.२५)

सिम्युलेटरला जागा आहे, घरी. लॉजिसिममध्ये सर्किट काढून, चालवून, त्याचा कागद घेऊनच मुलाने लॅबमध्ये यायचं. म्हणजे दोन तासांत के-मॅपवर वाद होत नाही. लॉजिसिममध्ये मोकळी वायर निळी दिसते, भांडणारी लाल. हे रंग कोणत्या प्रत्यक्ष दोषाचे आहेत ते लॅबमध्ये दाखवा. मात्र तिथे एलईडीचा भार नाही, नाचणारं बटण नाही, तुटलेली पट्टी नाही.

एफपीजीए पुढच्या अर्ध्या सेमिस्टरला जरूर. बटण तिथेही नाचतंच, आणि १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक ते नाचणं हजारो वेळा वाचतो. एलईडी डोळ्यांना दिसेल असा लुकलुकवायला २७ बिटांचा काउंटर लागतो, शेवटचा बिट सेकंदाला पाऊण वेळा फिरतो. ज्याने ७४९३ वर प्रत्येक टप्प्याला वारंवारता निम्मी होताना पाहिली, त्याला तो २७ चा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

---

तापीकाठ (गुरुवार, रात्री ९.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. सामानाची यादी करतोय. दहा टेबलांना काय किती, आणि कुठून?

---

पाच_व्होल्ट (गुरुवार, रात्री १०.००)

८३० चे बोर्ड १२. ७४एलएस०० आणि ०४ प्रत्येकी २५, म्हणजे प्रत्येकी एक पूर्ण नळी, कारण याच सगळ्यात जास्त जातात. ०२, ०८, ३२, ८६, ७४ प्रत्येकी १५. एलएस४७ आणि एलएस९० प्रत्येकी १५. ३३० आणि ४७० ओहमचे प्रत्येकी २००, ४.७ किलोओहम १००. १०४ चे सिरॅमिक १००. लाल एलईडी १००. कॉमन ॲनोड डिस्प्ले १२. रीसेटेबल फ्यूज १५. वायर पाच रंगांत: लाल फक्त ५ व्होल्ट, काळी फक्त ग्राउंड, बाकी तीन सिग्नलला. रंग एकदा ठरला की कुणालाही सूट नाही.

जळगावच्या गोलाणी मार्केटला मोबाइल-रिपेअरिंगचं सामान मिळतं, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. पण एलएस आयसी नळीच्या नळी घ्यायच्या तर लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ. बिलावर "एलएस" लिहून घ्या, नाहीतर एचसी हातात पडते. आल्या दिवशी प्रत्येक आयसी तपासा आणि मेलेली दिसली की तिचे पाय कापून टाका. न कापता बाजूला ठेवलेली आयसी कुणीतरी परत डब्यात टाकतं आणि पुढच्या बॅचचा तासभर खाते.

बोर्ड वापरून झाले की झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्यावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ भोकांत जाते आणि चिमट्यांवर बसते.

---

केळीचं_पान (शुक्रवार, सकाळी ७.१५)

डिस्प्लेचं एक विचारायचं होतं. ७४४७ (सात काड्यांच्या डिस्प्लेवर आकडा दाखवणारी आयसी) वर ६ आला की वरची आडवी काडी लागत नाही. नवीन डिस्प्ले लावला तरी तेच. आणि आकड्यागणिक उजेड कमीजास्त होतो.

---

धुळेकर (शुक्रवार, सकाळी ७.४०)

पहिली गोष्ट दोष नाही. ७४४७ चा ६ वरच्या काडीशिवाय आणि ९ खालच्या काडीशिवायच असतो, आयसीच तशी बनवलेली आहे. काड्या हव्या असतील तर ७४२४७, पिन त्याच. डिस्प्ले तपासायचा असेल तर ७४४७ ची पिन ३ ग्राउंडला टेकवा, पिन ४ वर काही जोडलेलं नसेल तर सातही काड्या लागल्या पाहिजेत.

उजेडाचं कारण वेगळं. तुम्ही सात काड्यांना मिळून एकच रेझिस्टर कॉमनवर लावलाय. १ ला दोन काड्यांत करंट वाटला जातो, ८ ला सातांत. कॉमन थेट ५ व्होल्टला द्या आणि ३३० चे सात रेझिस्टर सात काड्यांत वेगवेगळे लावा.